अभ्रक उकलताना: जाड तुकड्यातून ०.०५ मिमीचे अखंड पान कसे काढायचे?

वेटोळे (धागाकर्ता)

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधल्या टीओ-३ (धातूच्या कवचाच्या) ट्रान्झिस्टरखाली, वीज अडेल पण उष्णता खाली जाईल असे अभ्रकाचे वॉशर घालायला हवे आहेत. जाडी ०.०५ मिमीच्या आसपास, फार तर ०.०८. हाताशी दोन प्रकारचा माल आहे. पहिला म्हणजे नैसर्गिक अभ्रकाचे तुकडे: साधारण ६० × ५० मिमी, ०.८ मिमी जाड, लालसर झाक असलेले. दुसरा ओव्हनच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारा करडा-सोनेरी पत्रा, ०.४ मिमीचा.

पहिल्याचा वरचा पापुद्रा ब्लेडने उचलला की १५-२० मिमीपर्यंत छान सुटतो आणि मग तिरका फाटतो. दुसऱ्याचे पापुद्रे सुटतच नाहीत, नुसता भुसा निघतो.

प्रश्न तीन. फाटणे कसे थांबवायचे? दुसरा पत्रा उकलण्यालायक आहे का? आणि हेच काम कारखान्यात कसे करतात?

खडकओळख

दुसरा पत्रा बाजूला ठेवा. तो उकलायचा माल नाही. ओव्हन, टोस्टर, इस्त्री, केस वाळवायचे यंत्र यांत येतो तो पत्रा अभ्रकाच्या बारीक कणांचा लगदा कागदासारखा गाळून, त्यात सिलिकोन रेझिन मुरवून, गरम प्रेसमध्ये दाबून केलेला असतो. त्यात सलग पदर असा नसतोच. पाते घातले की रेझिनचा जोड सुटतो आणि कण बाहेर पडतात, तोच तुमचा भुसा.

ओळखायची खूण सोपी आहे. नैसर्गिक तुकडा उजेडासमोर धरला की काचेसारखा आरपार दिसतो, डाग असले तरी मधली जागा स्वच्छ असते. बनवलेला पत्रा अपारदर्शक असतो आणि कडेला बोट फिरवले की चमकी लागते.

तुमच्या लालसर तुकड्यांबद्दल: हा बहुधा मस्कोव्हाइट, बाजारात ज्याला रुबी मायका म्हणतात तो. झारखंडचा कोडरमा-गिरिडीह पट्टा आणि लगतचा बिहारचा भाग यासाठी जगभर ओळखला जातो. आंध्रात नेल्लोरकडचा अभ्रक हिरवट असतो. उकलण्याच्या दृष्टीने दोन्ही चालतात.

अभ्रक का उकलतो, तर अ‍ॅल्युमिनियम-सिलिकेटचा प्रत्येक थर आतून अतिशय घट्ट बांधलेला असतो, पण दोन थरांमध्ये फक्त पोटॅशियमच्या आयनांची एक ओळ असते. सगळा कमकुवतपणा त्या ओळीत. एका थराची जाडी सुमारे १ नॅनोमीटर, म्हणजे तुमच्या ०.०५ मिमीच्या पानात असे सुमारे पन्नास हजार थर असतील. तत्त्वतः त्यातल्या कुठल्याही दोहोंमध्ये पाते शिरू शकते. कुठे शिरवायचे हे आपण ठरवतो, आणि तुमची चूक नेमकी तिथे होते आहे.

पदरकाम

वरून एकेक पापुद्रा सोलू नका. नेहमी मधोमध. ०.८ चे ०.४, त्याचे ०.२, मग ०.१, मग ०.०५. चार फेऱ्यांत सोळा पाने.

क्रमाने सांगतो.

आधी कडा. कात्रीने कापलेली कड उकलायला सर्वात वाईट, कारण कात्री थरांना एकमेकांवर दाबून कड बंद करते. कोडरम्याकडे तुकड्याच्या कडा विळ्याने तिरक्या छाटतात. त्यामुळे चेपलेला, चिरा गेलेला भाग निघून जातोच, शिवाय कडेला थर पायऱ्यांसारखे मागेपुढे उघडे पडतात आणि पात्याला शिरायला जागा मिळते. विळा नसेल तर एक कोपरा बारीक दगडावर (हजार ग्रिटचा चालेल) साधारण ३०-४० अंशांत घासा. चार-पाच हलके हात पुरे. घासताना तुकडा ओला ठेवा.

मग पाते. दुधारी, टोकदार, टोकाकडे निमुळते होत गेलेले हवे. दाढीच्या ब्लेडची धार चांगली असते पण ते लवते, आणि लवले की एका थरातून दुसऱ्यात उतरते. जुन्या हॅकसॉ ब्लेडचा तुकडा घासून केलेले पाते जास्त भरवशाचे. धार वस्तऱ्यासारखी नको. पात्याने अभ्रक कापायचा नाही, पाचर मारायची आहे. फार तीक्ष्ण टोक थर चिरत आत जाते, किंचित बोथट टोक थरांच्या फटीत बसते.

कोपऱ्यावर निम्म्या जाडीवर टोक टेकवा आणि नुसते दाबून ठेवा. फट उघडली की आत रुपेरी चकाकी दिसते, कारण हवा शिरते. ती चकाकी दिसल्याशिवाय पाते पुढे ढकलायचे नाही. फट ४-५ मिमी झाली की पाते पुढे नेण्याऐवजी कडेकडेने फिरवा. चारही बाजू ५-१० मिमी आतपर्यंत मोकळ्या झाल्या की मगच मध्याकडे चला. बहुतेक लोक एका कोपऱ्यातून थेट समोरच्या कोपऱ्यापर्यंत जातात. समोरची कड आतून बंद असते, भेग तिथे पोचून अडते आणि ओढ लागली की पान फाटते.

शेवटचा भाग हाताने ओढून सोडवू नका. पाते सपाट आडवे सरकवा. पान पात्यावरून उचलले जायला हवे, बोटांनी वाकवलेले नको.

प्रत्येक फेरीनंतर दोन्ही अर्धे मोजा. ०.८ चे ०.३८ आणि ०.४२ झाले तर काळजी नाही. ०.३ आणि ०.५ झाले तर ०.५ मधून पुढच्याच फेरीत फरक काढून घ्या. जाड असताना केलेली दुरुस्ती निभते, ०.१ च्या खाली नाही.

सूक्ष्ममापी

पदरकाम यांनी लिहिलेल्या मधोमधच्या नियमामागचे गणित देतो, कारण ते समजले की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. ०.८ च्या तुकड्यावरून ०.०५ चा पापुद्रा उचलला तर खाली ०.७५ उरते, म्हणजे १५ पट जाड, म्हणजे ३३७५ पट ताठ. खालचा भाग हलतच नाही, वाकण्याचा सगळा भार वरच्या पापुद्र्यावर. अशा विषम जोडीत भेगेच्या टोकाशी फक्त उघडण्याचा ताण राहत नाही, थर एकमेकांवर घसरवू पाहणारा ताणही येतो, आणि तो भेगेला पातळ बाजूकडे वळवतो. अभ्रकात भेग सहजासहजी थर सोडत नाही. पण वाटेत एखादा दोष, कण, चीर भेटली की ती एक पायरी वर चढते. अशा पायऱ्या साचत गेल्या की पापुद्रा निमुळता होतो आणि तुटतो. तुम्ही लिहिलेले १५-२० मिमीवरचे तिरके फाटणे हेच आहे.

दोन्ही बाजू सारख्या जाडीच्या असल्या की घसरवणारा ताण उरत नाही. भेग सरळ जाते, दोष भेटला तरी कुठल्या एका बाजूला वळायचे कारण तिला नसते.

कापांची संख्या दोन्ही पद्धतींत तेवढीच, सोळा पानांना पंधरा. वेळ वाचवायचा म्हणून वरून सोलण्यात काहीच हशील नाही. फरक एवढाच की निम्मे-निम्मे करताना प्रत्येक कापाला दोन्ही बाजू तुल्यबळ असतात.

आता पाते किती जपून चालवायचे ते. पाचर आत असताना भेगेचे टोक पात्याच्या किती पुढे राहते हे पदराच्या जाडीच्या पाऊण घाताप्रमाणे बदलते. ०.१ मिमीच्या पाचरीला, हवेत, ढोबळ हिशेब असा: ०.४ मिमीच्या पदराला भेग सुमारे १५ मिमी पुढे, ०.१ ला सुमारे ५ मिमी, ०.०२ ला जेमतेम दीड मिमी. म्हणजे जाड असताना पाते निष्काळजी चालले तरी भेगेचे टोक त्याच्यापासून लांब असते. शेवटच्या फेरीत पाते भेगेच्या अगदी मागे असते. तिथे जरा घाई झाली की पात्याचे टोक भेगेला गाठते आणि थर कापू लागते. म्हणून शेवटच्या दोन फेऱ्यांना जास्त पातळ पाते घ्या आणि वेग निम्म्याहून कमी करा.

वेटोळे

मधोमध करून पाहिले. ०.१ पर्यंत दोन तुकडे अखंड आले. आभार.

पुढची अडचण: ०.१ ची पाने सुटली की लगेच एकमेकांना चिकटतात, पुन्हा सोडवताना ओरखडे पडतात. धूळही भयंकर बसते. आणि कुणी पाण्यात उकलायला सांगते, कुणी तेलात. खरे काय?

सूक्ष्ममापी

तेल अजिबात नको. पदरात शिरलेले तेल निघत नाही, पुढे त्यावर ना व्हार्निश बसते ना चांदी, आणि गरम झाले की काळे पडते.

पाणी उपयोगी आहे, एक थेंब. फट उघडली की ड्रॉपरने किंवा बारीक कुंचल्याने तोंडाशी सोडा, ते आपोआप आत ओढले जाते. १९३० मध्ये ओब्रेइमोव यांनी काचेची पाचर घालून अभ्रक चिरायला किती ऊर्जा लागते ते मोजले होते. हवेत जेवढी लागते त्याच्या कितीतरी पट निर्वातात लागते असे त्यांना आढळले. नव्या उघड्या पडलेल्या पृष्ठावर हवेतली वाफ लगेच बसते आणि त्यामुळे पृष्ठाची ऊर्जा उतरते. निर्वातात हा आधार नसतो. पाण्याचा थेंब हीच मदत वाढवतो. भेग कमी जोरात पुढे जाते, म्हणजे पानाला कमी वाकवावे लागते.

चिकटण्याचे कारणही तेच. सुटल्या क्षणी पृष्ठावर धूळ, वाफ काही नसते. दोन ताजी पृष्ठे लगेच एकत्र आली तर काही अंशी पुन्हा जुळतात. शिवाय उकलताना पृष्ठांवर विद्युतभार येतो, तो धूळ ओढतो. कोरड्या हवेत हे जास्त होते. म्हणून:

सुटलेले पान परत जोडीदारावर टेकू देऊ नका. मध्ये ट्रेसिंग पेपर घाला. पाणी वापरले असेल तर पाने उभी करून निथळू द्या, आडवी वाळवली तर पाण्यातल्या क्षाराचे डाग राहतात. डिस्टिल्ड पाणीच घ्या, बोअरचे नको.

पदरकाम

याला पुस्ती. माल पुस्तकासारखा एकत्र बांधून विकायचा असतो तेव्हा प्रत्येक पापुद्र्यावर अभ्रकाचीच बारीक पूड भुरभुरतात, मग तुकड्यातली सगळी पाने मूळ क्रमाने एकावर एक ठेवतात. पुडीमुळे पाने जुळत नाहीत आणि घेणाऱ्याला एकेक सहज उचलता येते. वॉशरला मात्र पूड नको, उष्णता वाहण्यात ती आड येईल. ट्रेसिंग पेपर बरोबर.

उकलायला सोपे जावे म्हणून अभ्रक तापवण्याचा सल्ला कुठे वाचला असेल तर तो विसरा. ६००-७०० अंशांच्या पुढे मस्कोव्हाइटमधले पाणी बाहेर पडू लागते, थर फुगतात, रंग रुपेरी होतो. पापुद्रे सुटतात खरे, पण ते ठिसूळ असतात आणि विद्युतरोध गेलेला असतो.

खडकओळख

आता सर्वात महत्त्वाचे, ज्यावर या धाग्यात अजून कुणी लिहिले नाही: तुकडा निवडणे. हात कितीही चांगला असला तरी काही तुकडे उकलत नाहीत आणि त्यात उकलणाऱ्याचा दोष नसतो.

तुकडा खिडकीकडे तिरका धरा आणि त्यात खिडकीच्या चौकटीचे प्रतिबिंब पाहा. रेघ सरळ दिसली तर तुकडा सपाट. रेघ वळली, लाटेसारखी झाली तर तुकडा लहरी आहे. लहरी तुकड्यातून ०.१ पर्यंत जाता येते, पुढे लाटेच्या माथ्यावर पाते थर बदलते.

पाचरीच्या आकाराचा तुकडा, म्हणजे एका कडेला ०.९ आणि दुसऱ्या कडेला ०.७. यात काही थर वाटेतच संपलेले असतात. जिथे थर संपतो तिथे पायरी. चारही कोपरे मायक्रोमीटरने मोजले की लगेच कळते. कोपऱ्यांत ०.०३ पेक्षा जास्त फरक असेल तर त्या तुकड्याचा मधला भागच वापरा.

इंग्रजी ए अक्षरासारख्या, एकमेकींना मिळणाऱ्या रेषा आणि माशाच्या काट्यासारखी नक्षी: या रेषांवर थर आतून अडकलेले असतात. रेषा ओलांडून उकलता येत नाही. रेषेवर कापून दोन तुकडे करा आणि वेगळे उकला.

आरपार गेलेल्या सरळ चिरा, ज्यांमुळे तुकड्याच्या पट्ट्या पडतात: उकलायला अडचण नाही, पण पान हातात आले की पट्ट्या सुट्या होतात.

गुंतलेला अभ्रक: कडेला पापुद्रे सुटतात, मध्ये अजिबात नाही. दोन वेगवेगळे स्फटिक एकमेकांत वाढलेले असतात. टाकून द्या, दळायला जातो.

डागांचे वेगळे. रुपेरी ठिपके म्हणजे थरांत अडकलेली हवा, त्यांच्याजवळ भेग आपोआप त्या पातळीत शिरते. तिथून सुरुवात केली तर काम सोपे होते, पण जाडी तुमच्या मनासारखी मिळेलच असे नाही. तपकिरी-पिवळट डाग हे थरांत झिरपलेल्या मातीचे, उकलून पान धुतले की बरेचसे जातात. काळे किंवा लाल ठिपके म्हणजे लोहखनिज. त्यांपासून सावध राहा. कण पदराहून जाड असेल तर पानाला आरपार भोक पडते आणि विद्युतरोध तिथेच फुटतो. इन्सुलेशनच्या कामात काळा ठिपका असलेले पान मी घेणार नाही, मग ते कितीही सुंदर उकललेले असो.

जुनारेडिओ

कोडरम्याचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट नोंदवतो. रेडिओवर फर्माइशी पाठवण्यात ज्या गावाचे नाव घराघरात पोचले ते झुमरी तिलैया कोडरमा जिल्ह्यातले, अभ्रकाच्या व्यापाराचे गाव. आणि त्या काळच्या रेडिओत ट्यूनिंगचे मंडल स्थिर ठेवायला अभ्रकाचे कपॅसिटर असत.

कपॅसिटरला उकलण्याची अचूकता का लागते ते आकड्यांत: एक चौरस सेंटिमीटर क्षेत्र, ०.०३ मिमी पान, अभ्रकाचा विद्युतांक (डायइलेक्ट्रिक स्थिरांक) साडेसहा धरला तर सुमारे १९० पिकोफॅरड येतात. पानाची जाडी दहा टक्के चुकली की कपॅसिटी दहा टक्के चुकते. पानावर चढवलेला चांदीचा थर कमीजास्त खरवडून ती जुळवता येते, पण पानात पायरी असेल तर ते पान बादच.

नवखा_सुतार

अगदी मूलभूत प्रश्न. फर्निचरवर लावतो ते सनमायका म्हणजेच हे का? त्याचे पदर सुटतात ते कसे थांबवायचे?

खडकओळख

नाही. नावात मायका असले तरी त्यात अभ्रक नसतो. फिनॉलिक रेझिन मुरवलेल्या क्राफ्ट कागदाचे थर आणि वर मेलामाइनचा सजावटी कागद, असे गरम दाबून केलेले ते पत्रे असतात. त्याचे पदर सुटणे हा जोडाचा दोष, वेगळा विषय. त्यासाठी नवा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

कम्युटेटर

धागाकर्त्याचा तिसरा प्रश्न, कारखान्यात काय करतात.

खाणीतून निघतो तो माल स्फटिकांच्या जाड 'पुस्तकां'च्या रूपात. हातोडीने खडक, क्वार्ट्झ, फेल्डस्पार झाडून काढतात. मग पुस्तक फोडून जाड पाने करतात, त्यांच्या कडा छाटतात. आकाराची प्रत ठरवताना तुकड्यात बसणारा सर्वात मोठा स्वच्छ आयत मोजतात: ६ नंबर म्हणजे १ ते २¼ चौरस इंच, ५ नंबर ३ ते ६, ४ नंबर ६ ते १०, असे चढत १ नंबर २४ ते ३६ चौरस इंच. नंबर लहान तेवढा तुकडा मोठा.

जाडीवरून नावे बदलतात. ०.१८ मिमीहून जाड तो ब्लॉक. ०.०५ ते ०.१८ ला थिन्स. कपॅसिटरला ठरावीक जाडीत काढलेली पाने ती फिल्म. आणि ०.०३ मिमीच्या आत काढलेले पापुद्रे ते स्प्लिटिंग. तुम्हाला हवे आहे ते थिन्समध्ये बसते. उत्तम प्रतीचे हे सगळे काम हातानेच होत आले आहे, कारण कुठला दोष टाळून कुठल्या पातळीत शिरायचे हे प्रत्येक तुकड्यात वेगळे असते.

मोठ्या मापाचे नैसर्गिक पत्रे महाग आणि दुर्मीळ. म्हणून मोटरच्या कामात स्प्लिटिंगपासून मायकानाइट करतात. पापुद्रे एकमेकांवर चढवत पसरायचे, मध्ये शेलॅक किंवा अल्किड, इपॉक्सी रेझिन, मग गरम प्रेस. कम्युटेटरच्या (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कड्याच्या) तांब्याच्या पट्ट्यांमधल्या मायकानाइटमध्ये चिकटद्रव्य शक्य तितके कमी ठेवतात. जास्त झाले तर गरम झाल्यावर ते पाझरते, दाब सैल होतो आणि पट्टी वर येते. साच्यात वळवायच्या व्ही-रिंगसाठी (त्या पट्ट्या धरून ठेवणाऱ्या कड्यांच्या अस्तरासाठी) मात्र चिकटद्रव्य जास्त लागते, नाहीतर वळवताना पापुद्रे घसरत नाहीत, तुटतात.

तुटका माल लगद्याच्या वाटेने जातो. एक पद्धत अशी की सुमारे ८०० अंशांवर भाजून थर फुगवायचे आणि सौम्य आम्ल-अल्कलीच्या प्रक्रियेत ते मोकळे करायचे. दुसरीत भाजणे नाही, जोराच्या पाण्याच्या फवाऱ्यानेच थर सोडवतात. मग कागदाच्या यंत्रावर जाळीवर गाळून सलग कागद. गंमतीची गोष्ट ही की हा ओला कागद चिकटद्रव्याशिवायच धरून राहतो, कारण ताजी पृष्ठे एकमेकांना ओढतात. वर वेटोळे यांची पाने चिकटत होती, त्याच गुणाचा इथे उपयोग केला आहे. या कागदाला काचकापडाचा आधार देऊन केलेली टेप उच्च विद्युतदाबाच्या मोटरच्या वेटोळ्यांवर गुंडाळतात.

फरशीवाला

मधोमधचा नियम दगडालाही लागतो, पण प्रत्येक दगडाला नाही.

स्लेट, म्हणजे पाटीचा दगड, दाबाखाली कण एका दिशेने रांगेत बसलेला. त्यात पातळी कुठेही निवडता येते, म्हणून तो रुंद, पातळ छिन्नीने निम्मा-निम्मा करत जातात. एक बाजू जास्त पातळ घेतली तर भेग तिकडे पळते आणि फळी कोपऱ्यावर तुटते, वर सूक्ष्ममापी यांनी सांगितले तसेच. आणि तोही ओलाच उकलतो. खाणीतला ओलावा गेला की मोठा ठोकळा नीट चिरत नाही, म्हणून उकलेपर्यंत तो ओला राखतात.

शहाबादी फरशी आणि ओट्याचा कडप्पा हे दोन्ही चुनखडक, थरांनी साचलेले. त्यात सुटण्याची पातळी निसर्गाने आधीच ठरवलेली असते. दोन थरांच्या मध्ये मातीचा पातळ पदर असतो तिथेच पहार किंवा छिन्नी शिरते. तुम्हाला २० मिमी हवी आणि थर ३५ चा असेल तर ठोकून २० होणार नाही, ती करवतीवरच न्यावी लागते. म्हणून छिन्नी मारण्याआधी कडेला पाणी मारून पाहावे. मातीचा पदर पाणी पितो आणि ओली रेघ उमटते. रेघ नाही तिथे मेहनत फुकट.

रापी

चामड्याचे अगदी उलटे, म्हणून लिहितो. चामड्यात थर असतात पण ते तंतूंनी एकमेकांत विणलेले. पाचर घालून ते कधीच सुटत नाहीत, कापावेच लागतात. कडा पातळ करायला हातात रापी आणि अख्खे कातडे दोन पदरांत चिरायला बँड नाइफ मशीन. त्यात न संपणारे पोलादी पाते आडवे फिरत असते, खालीवर रोलर.

यात एक बारकी पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वरचा रोलर ताठ आणि खालचा कड्यांचा बनलेला, दबणारा. कातड्याची चांगली, म्हणजे केसांकडची बाजू ताठ रोलरला लावतात. त्यामुळे वरचा पदर एकसारख्या जाडीचा निघतो आणि कातड्यातली सगळी उंचसखलता खालच्या, मांसाकडच्या पदरात जाते. रोलर उलटे लावले तर चांगला पदर वाया.

पाते चालू असतानाच दगडांवर घासले जाते, म्हणून धार हळूहळू मागे सरकते. ती पुढे आणत राहावी लागते. धार रोलरांच्या मध्यरेषेपासून ढळली की कातड्यावर लाटा उठतात. क्रोमने कमावलेले, अजून ओले आणि निळसर असलेले कातडे साधारण ५०-५५ टक्के ओलाव्यावर चिरतात. जास्त ओले असले तर रोलरवरून घसरते, कमी असले तर पाते तापते आणि पोटाकडचा मऊ भाग गोळा होऊन आत ओढला जातो.

खडकओळख

एक विनंती सगळ्यांना, अभ्रक विकत घेणाऱ्यांना विशेष. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर झारखंड-बिहारातल्या अनेक खाणी बंद पडल्या. जुन्या ढिगाऱ्यांतून वेचलेल्या चुऱ्याला तिकडे ढिबरा म्हणतात. तो वेचण्यात अख्खी कुटुंबे, लहान मुलेही असतात. बिळे खचून माणसे दबतात. हा चुरा रंग आणि सौंदर्यप्रसाधनांच्या चमकीत जातो. २०१७ मध्ये रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह नावाची संस्था यासाठीच उभी राहिली. माल कुठून आला हे दुकानदाराला विचारा. उत्तर मिळाले नाही तरी विचारा. विचारणारे वाढले तरच वर कुणाला तरी कागद ठेवावे लागतात.

उकलताना स्वतःचीही काळजी घ्या. अभ्रकाची बारीक धूळ फुप्फुसात राहते आणि कच्च्या तुकड्याला चिकटलेल्या क्वार्ट्झची धूळ त्याहून वाईट. कडा घासायच्या त्या ओल्याच. टेबल झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

वेटोळे

०.८ च्या एका तुकड्यातून आज अकरा पाने अखंड आली, ०.०४५ ते ०.०६ मध्ये. तीन फाटली, दोन काळ्या ठिपक्यांमुळे बाजूला काढली.

शेवटचे दोन प्रश्न. भोके आधी पाडायची की उकलल्यावर? आणि ०.०५ आणि ०.१ मध्ये उष्णतेच्या दृष्टीने खरेच एवढा फरक पडतो का?

पदरकाम

पहिल्याच दिवशी सोळात अकरा म्हणजे उत्तम.

भोके उकलल्यावर. पंचने किंवा ड्रिलने भोकाची कड चेपली जाते आणि थर तिथे बंद होतात, नंतर उकलताना प्रत्येक भोक म्हणजे एक अडकलेली जागा. आठ-दहा पाने एकत्र घ्या, वरखाली ३ मिमी प्लायचे तुकडे, दोन बाजूंनी क्लॅम्प घट्ट. मग नव्या धारेचे ड्रिल, हलक्या दाबाने. क्लॅम्प सैल राहिला तर ड्रिल वरच्या पानांना पंख्यासारखे उचलते. बाहेरचा आकार कात्रीने कापला तरी चालेल, आता कड बंद झाली तर फायदाच आहे.

हीटसिंकच्या (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) भोकांचे बर, म्हणजे कडेला उरलेली धातूची टोके, काउंटरसिंकने काढायला विसरू नका. पान कितीही चांगले असो, बर त्यातून आरपार जाते.

सूक्ष्ममापी

फरक पडतो. अभ्रकाची थरांच्या आडवी उष्णतावाहकता ०.६ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास. संपर्कक्षेत्र ५ चौरस सेंटिमीटर धरले तर ०.०५ मिमीला सुमारे ०.१७ अंश प्रति वॅट आणि ०.१ ला सुमारे ०.३३. ट्रान्झिस्टर ३० वॅट टाकत असेल तर पाच अंशांचा फरक. पण हे दोन्ही बाजूंना ग्रीस असेल तरच. ग्रीसशिवाय हवेची फट पानापेक्षा जास्त अडवते आणि इतकी मेहनत पाण्यात जाते. ग्रीस इतके पातळ की पान खालून दिसावे. स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा, म्हणजे जास्तीचे बाहेर येईल.

बसवल्यावर, बाकीचे सर्किट जोडण्याआधी, ट्रान्झिस्टरची केस आणि हीटसिंक यांच्यात ५०० व्होल्टचा इन्सुलेशन टेस्टर लावा. साधा मल्टिमीटर सूक्ष्म भोक दाखवत नाही.

उरलेली पाने ट्रेसिंग पेपरमध्ये, सपाट, दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा. रबरबँड लावू नका, त्याच्या दाबाने कडेचे थर उमलतात. पुठ्ठ्यावर प्रत्येक पानाची चारही कोपऱ्यांतली जाडी लिहून ठेवा. जोडीने लावायच्या ट्रान्झिस्टरांखाली सारख्या जाडीची पाने घालायला ती लागेल.